जिवंतपणी राजीनामा

माणसाचा आत्मा कुठल्याही बंधनात फार काळ राहू शकत नाही, असं लिफ्टवाल्यांनी एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं.

"मग लावा फोन त्या मंडळाला," बायको म्हणाली.

लिफ्टवाल्यांच्या आत्म्याने लगबगीने चूळ भरली आणि तो टॉवेल शोधू लागला.

तसे हे गृहस्थ भित्रे नव्हते. उभा जन्म त्यांनी उंच इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळत दुरुस्त्या करण्यात काढला होता. खाली बघायची भीती त्यांना कधी वाटली नाही. पण हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते आत बघू लागले, आणि आतलं काही त्यांना बघवेना. त्याच हळव्या दिवसांत, इस्पितळातल्या खाटेवर पडल्यापडल्या, ते हृदयरोग्यांच्या एका मंडळाचे सभासद झाले. मंडळ अगदी सेवाभावी. वर्गणी दरवर्षी बँकेतून आपोआप जाई, सभासदाचा फोटो मंडळाच्या भिंतीवर लागे, आणि दर मंगळवारी गोड आवाजाच्या एक ताई फोन करून विचारत, "काका, आहात ना?"

या प्रश्नाच्या धास्तीने लिफ्टवाल्यांना सोमवारपासूनच जेवण जात नसे.

उद्या नूतनीकरणाची तारीख होती. बँकवाल्यांनी हात झटकले होते. मंडळ सांगेल तेव्हाच थांबवू, म्हणाले. शेवटी बायकोनेच नंबर फिरवून फोन त्यांच्या कानाला टेकवला.

"सभासदत्व रद्द करायचंय," लिफ्टवाले म्हणाले आणि त्यांनी आपला सभासद क्रमांक सांगितला.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "अरेरे! कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"काकांना शेवटी त्रास नाही ना झाला? तुम्ही त्यांचे भाऊ का? आवाज अगदी तसाच आहे हो."

"अहो, मीच तो!"

मग ताई हलकेच म्हणाल्या, "धक्क्यात माणूस असंच बोलतो, दादा. घरचं कुणीतरी बरोबर घ्या आणि ऑफिसात या."

दुपारी दोघं गेले. दुसऱ्याने ग्रीस लावलेल्या लिफ्टवर लिफ्टवाल्यांचा विश्वास नव्हता, म्हणून दर पायरीवर छातीला हात लावत ते जिन्याने चढले. वर एक लांब पॅसेज होता. फिनेलचा वास, आणि भिंतभर हसऱ्या सभासदांचे फोटो. त्यांचाही होता. पॅसेजच्या टोकाला एक बंद दार होतं. लिफ्टवाल्यांनी तिकडे न बघायचं ठरवलं आणि मग तिकडेच बघत राहिले.

"बसा," सेक्रेटरी म्हणाले. "हळूच बसा."

सेक्रेटरी सडपातळ आणि अतिशय प्रेमळ होते. त्या प्रेमाला भिऊनच लिफ्टवाले खुर्चीच्या कडेला टेकले.

"आजवर एकही सभासद आम्हाला सोडून गेलेला नाही," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "म्हणजे गेले ते सगळे तिकडेच गेले." त्यांनी बोट वर केलं.

लिफ्टवाल्यांनी वर पाहिलं. तिथे पंखा होता. तो बंद पडलेला होता.

"आम्हाला ते आपोआप नूतनीकरण तेवढं थांबवायचंय," बायको म्हणाली.

"वहिनी, आपोआप चालतंय ते बरंच नाही का? हृदयाचंच बघा. ते आपोआप चालतं. आपण त्याला रोज सकाळी अर्ज करतो का? मग त्याला उगाच आठवण कशाला करून द्यायची?"

लिफ्टवाल्यांनी टेबलाखाली स्वतःची नाडी धरली. सापडली. मग सापडेना. मग पुन्हा सापडली, पण कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी.

"गेल्या वर्षी एक जण आले होते असेच," सेक्रेटरी म्हणाले. "याच खुर्चीत बसले. सही करायला पेन हातात घेतलं, आणि..."

"आणि?"

सेक्रेटरींनी चष्मा काढून सावकाश पुसला. "आणि विचार बदलला. ठणठणीत आहेत. परवाच भेटले."

"ह्यांचा बदलायचा नाही," बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या हातात पेन खुपसलं. सही झाली, कुणाची ते मात्र ओळखू येत नव्हतं.

सेक्रेटरी उसासा टाकून उठले, मागोमाग ही दोघंही. पॅसेजमधला लिफ्टवाल्यांचा फोटो त्यांनी उतरवला आणि ते बंद दाराकडे निघाले. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला.

"कुठे नेताय तो?" लिफ्टवाल्यांचा आवाज चिरकला.

"आत. बाहेरच्या भिंतीवरून उतरला की आतल्या भिंतीवर. तिसरी भिंत नाही आमच्याकडे."

"आमच्या घरी आहे," बायको म्हणाली आणि फोटो काढून घेऊन तिने पिशवीत टाकला.

"हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण सभा आत बसलीच आहे. नाव कमी करायचं तर सभेत ते वाचून दोन मिनिटं उभं राहायचं, असा नियम आहे. माणूस मेलेला असावा असं नियमात कुठे नाही. तशी वेळच आली नव्हती. पण नाव वाचलं नाही, तर उद्या नूतनीकरण होणार. आपोआप."

लिफ्टवाले बायकोकडे वळले. "अगं, राहू दे. एवढं एक वर्ष काढू. आपण हयात असताना लोकांना कशाला उभं करायचं?"

बायकोने पिशवी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "मंगळवारी फोन वाजतो आणि तुम्ही तो लगेच उचलत नाही. दुसरी रिंग होते, तिसरी होते. मी ओट्यापाशी उभी. हातातलं भांडं खाली ठेवायचाही धीर होत नाही. तुम्ही हॅलो म्हणेपर्यंत मी विधवा झालेली असते. दर आठवड्याला. तुम्हाला एकदाच मरायचंय. मला किती वेळा?"

लिफ्टवाले तिच्याकडे बघत राहिले. घरात घाबरणारे आपण एकटेच, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

त्यांनी स्वतःच जाऊन ते दार ढकललं.

आत खुर्च्यांवर सभासद बसले होते आणि भिंतीवर बाकीचे. सेक्रेटरींनी नाव वाचलं. खुर्च्या सरकल्या, माना खाली गेल्या. लिफ्टवालेही उभे राहिले. बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"जवळचे होते का तुमच्या?" शेजारच्या म्हाताऱ्याने कुजबुजत विचारलं.

"बऱ्यापैकी," लिफ्टवाले म्हणाले.

मग सगळं शांत झालं. लिफ्टवाल्यांनी बायकोचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि आता थांबणार, आता थांबणार, म्हणत ते आतल्या ठोक्यांना कान देऊन उभे राहिले. एक पडला. पुढचा येईपर्यंत भिंतीवरचे सगळे आपल्यासाठी जरा सरकून जागा करताहेत असं त्यांना वाटलं. पुढचा आला. त्याच्यापुढचाही आला. कुणी वर्गणी भरलेली नव्हती, कुणी आहात ना म्हणून विचारलेलं नव्हतं, तरी ते येतच होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

"अहो," बायको कानाशी पुटपुटली, "हात सोडा ना जरा. नाक पुसायचंय मला."