कुलूपवाल्याची बॅग

गावभर कुलपं बसवणाऱ्या माणसाचीच बॅग चोरीला जावी, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? आमचे हे कुलूपवाले. एका गिऱ्हाइकाकडे गेले तेव्हा बॅग जड म्हणून जिन्याच्या पायथ्याशी ठेवली आणि आधी कुलूप बघून येतो म्हणून वर चढले. खाली येईपर्यंत बॅग गायब. तिच्यात यांनी वर्षानुवर्षं कानशीनं घासून स्वतः बनवलेली हत्यारं होती. तसली बाजारात मिळत नाहीत, आणि दुसऱ्याच्या हत्यारांवर यांचा हात बसत नाही. बॅग गेली म्हणजे धंदाच बसला.

नशीब, मी बॅगेच्या अस्तरात एक चकती शिवून ठेवली होती. कोटाच्या बटणाएवढी असते, आणि ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं. बॅग जाईल तिथे विसरायची यांची सवय मला काय आजची माहीत आहे? चकती शिवली तेव्हा हे मला हसले होते. आता मात्र फोनवरचा ठिपका बघत निमूट माझ्यामागून चालत होते.

ठिपका एका जुन्या इमारतीवर जाऊन बसला. पोलिसांना फोन केला, तर म्हणे कितवा मजला, कुठलं घर ते आधी सांगा. ते कळलं असतं तर पोलिसांना कशाला विचारलं असतं? ठिपक्याला मजले कळत नाहीत. मग फोनवरून चकती वाजवायची आणि एकेका दाराला कान लावायचा, असा आमचा उद्योग सुरू झाला. एका बाईनं नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि मी कानासकट तिच्या घरात जायची राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दारामागे बारीक टीं टीं ऐकू आलं. बेल वाजवली, कुणी आलं नाही. दार बाहेरून किल्ली फिरवून बंद केलेलं होतं, आणि कुलूप इतकं फालतू की यांनी बघूनच नाक मुरडलं. मी केसांतल्या दोन पिना काढून यांच्या हातावर ठेवल्या.

"राहणाऱ्यानं सांगितल्याशिवाय मी दार उघडत नाही," हे म्हणाले.

"अहो, इथे चोर राहतो."

"राहतो ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हा यांचा नियम, लग्नाच्या आधीपासूनचा. एरवी चारचौघांत मी तो कौतुकानं सांगते. पण आपलीच हत्यारं दाराच्या पलीकडे ओरडत असताना माणसानं हाताची घडी घालून उभं राहावं? मी पुन्हा पोलिसांना फोन लावला, तर नुसतं संगीत. चिडून मी चकती परत वाजवली, आणि बोट बटणावरून काढलंच नाही.

"कोण आहे?" आतून एका म्हातारीचा आवाज आला. "आणि घरात काय वाजतंय हे?"

मी म्हटलं, आजी, आधी दार उघडा. ती म्हणाली, ते तिच्या हातात नाही. ती एकदा जिन्यावरून पडली, तेव्हापासून मुलगा बाहेर जाताना कुलूप लावून जातो. किल्ली त्याच्याकडेच असते.

यांचा चेहराच बदलला. "आणि आत आग लागली तर?"

ती आतून दाराजवळ आली. मग म्हणाली, "तुम्हाला उघडता येतं?"

"तुम्ही सांगितलं तर येतं."

"मग उघडा."

माझ्या पिनांनी काम झालं. बॅग पलंगाखाली होती. हे गुडघ्यांवर बसून एकेक हत्यार तपासत होते तेव्हा म्हातारी बघत होती. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला आणि खुर्चीत बसली. मला तिची दया आली, पण त्याहून जास्त घाई होती. मी यांना दाराकडे ढकललं.

दाराशी जाऊन हे थांबले, बॅगेतून नवं लॅच काढलं आणि म्हातारीला विचारलं, "हे जुनं काढून आतून उघडणारं बसवून देऊ?" तिनं मान डोलावली. झालं! चोराच्या घरात, चोरीच्या बॅगेतल्या हत्यारांनी, फुकट कुलूप बसवायला बसले आमचे धर्मराज. मी दात ओठ खात स्क्रू धरून उभी. काम झाल्यावर यांनी दार लावून बघितलं, सगळ्या किल्ल्या म्हातारीच्या हातात दिल्या, आणि नेमकी तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली.

बाहेरून कुणीतरी भोकात किल्ली खुपसली. ती जाईना. पुन्हा खुपसली. मग दारावर थाप पडली.

"आई, कुलपाला काय झालं? उघड."

हे बॅग छातीशी धरून उभे. म्हातारी उठली, दाराशी गेली, पण लॅचला तिनं हात लावला नाही.

"काय काय आणलंयस लोकांचं, ते सांग आधी," ती म्हणाली. "मग उघडते."

"आई, काय बोलतेस? दार उघड."

"मला वेळ आहे."

दारावरची थाप थांबली. मला वाटलं, पळाला. मग अगदी हळू आवाज आला, "एक बॅग."

"आणि?" म्हातारीनं विचारलं.

इतका वेळ घरी चला म्हणून यांच्या मागे लागलेली मी, तिची खुर्ची ओढून दाराशी नेली. म्हातारी तिच्यात नीट टेकून बसली.