समज देऊन सोडलं

उभं आयुष्य मी विद्यापीठात एकच दळण दळलंय: ठाण्यात आणलेल्या कुठल्या माणसाला पोलीस ‘समज देऊन सोडतात’ आणि कुठल्याला आत टाकतात. अहवाल काढले, समित्यांवर बसले, गार चहा ढोसला. फरक? शून्य. आता तर व्याख्यान देताना मलाच जांभई येते.

आणि काल दुपारी ताईचा फोन. भावजींना आणि त्यांच्या टेम्पोवरच्या हमालाला गोदामापुढच्या मारामारीत पोलिसांनी उचललं होतं.

“अगं, एवढे साहेबलोक तुझ्या ओळखीचे. लाव की एक फोन!”

“तेवढं सोडून बोल,” मी म्हणाले. “चारचौघांसारखं जाऊन बसू.”

“बस, तत्त्वं कवटाळून बस!” ताई कडाडली. “उद्या कोर्टात उभं केलं तर गोदामवाले दुसरा टेम्पो लावतील. मग खायचं काय, तुझे अहवाल?”

तरी आम्ही दोघी ठाण्यात गेलो आणि बसलो. बाकावर हमालाची बायको आमच्या आधीपासून होती. तिला कोणी विचारत नव्हतं. बसून बसून माझी कंबर धरली, पण मी ओळख सांगितली नाही. वाटलं, निदान घरचं काम तरी सरळ मार्गाने होईल. कसलं काय! ठाण्याचे साहेब बाहेर आले आणि मला बघून थबकले. माझ्याच वर्गात बसून गेलेले.

“मॅडम, तुम्ही? फोन नाही का करायचा?”

चहा यायच्या आत भावजी बाहेर. “समज देऊन सोडतोय,” साहेब हसत म्हणाले.

“आणि तो हमाल? भांडण एकच होतं ना?”

“त्याची हमी कोण देणार, मॅडम?”

‘मी देते’ अगदी ओठांवर आलं होतं. ताईने माझा दंड धरला. “पुरे हं आता. मिळालंय ते घेऊन चल. साहेबांचं डोकं फिरलं तर हेही परत आत जातील.” भावजी मान खाली घालून उभे होते. मी थकले होते हो, खरंच थकले होते. ताईबरोबर निघाले.

दाराशी हमालाची बायको आडवी आली. हळूच म्हणाली, “बाई, ते समज द्यायचे किती घेतात हो?”

“काही नाही घेत,” मी म्हणाले.

“असं नका करू, बाई. सांगा ना. मी कुठूनही आणते.”