हवा कुठवर जाते

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना तलावावर सगळे मासोळीबाई म्हणत. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली तरंगायला शिकलं. त्याच बाईंना निवृत्तीनंतर एक जिना चढताना धाप लागू लागली. एक्स-रे काढला, सीटी स्कॅन केला, नळीत फुंकूनही झालं. सगळं जवळपास ठीक.

"आई, काम सुटलं ना, म्हणून मन खातंय तुला," मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी वयावर ढकललं. बाईंनी मग तक्रार करणंच सोडलं.

सुनेच्या मात्र लक्षात आलं, की सासूबाई फोनवर वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेतात. मनाच्या खेळात असं कुणी करतं होय? तिने चौकशी केली आणि त्यांना एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे फुप्फुसं तपासायची नवी पद्धत सुरू झाली होती.

तंत्रज्ञ मुलीने बाईंच्या छातीला जाकिटासारखं काहीतरी गुंडाळलं, त्यांना एमआरआय यंत्राच्या फळीवर आडवं केलं आणि हातात एक फुगलेली पिशवी दिली.

"यात झेनॉन नावाचा वायू आहे, मावशी. त्याला रंग नाही, वास नाही. ओढून घ्यायचा आणि मी सांगेन तोवर श्वास धरायचा."

"श्वास धरायचं मला शिकवतेस?" बाई म्हणाल्या.

त्यांनी वायू ओढला, यंत्र खडखडलं, आणि मुलीने "सोडा" म्हणताच त्या म्हणाल्या, "झालं का गं?" आवाज असा घोगरा निघाला, की पलीकडच्या खोलीत सून दचकली. "अगं बाई, मामंजी कधी आले?"

"वायू जड असतो ना, त्याने होतं तसं. जाईल लगेच," मुलगी हसत म्हणाली.

थोड्या वेळाने छातीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र आणलं. वायू पोचला होता तिथे फुप्फुसं निळी उजळली होती. उजवीकडे खाली मात्र मोठा काळा डाग होता.

"आधीच्या फोटोंत रस्ते दिसले, रहदारी नाही दिसली. इथे हवा जातच नाहीये. हा दमा आहे, जरा लपून बसलेला. बारीक नळ्या चिकट कफाने बुजल्यात. औषध आहे यावर."

मासोळीबाई त्या डागाकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले.

"आई, घाबरू नका," सून म्हणाली.

"घाबरत नाहीये गं. मी खोटं बोलत नव्हते, एवढंच."

औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी पुन्हा पिशवी, पुन्हा यंत्र. या वेळी मुलगाही आला होता. दोन्ही चित्रं शेजारी लावली. काळा डाग आक्रसून कोपऱ्यात गेला होता. तेवढा कदाचित राहील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मुलगा कितीतरी वेळ पडद्यासमोरून हलला नाही. आईच्या छातीतली हवा त्याला डोळ्यांनी दिसत होती.

"आई, चुकलं माझं."

"तुला तरी कसं दिसणार होतं? त्या मुलीला विचार, हे यंत्र कुणी शोधलं ते. पाया पडावंसं वाटतं बघ."

पुढच्या आठवड्यात त्या तलावावर गेल्या. तलावाच्या रुंदीत एकदाच पोहून गेल्या, सावकाश. काठाला धरून जरा दम घेतला आणि त्यांनी सुनेला हाक मारली, "चल, उतर तू पण. भीत काय बसलीस?" हाक त्यांनी एका दमात मारली होती.