एकशे बाराव्या पानावरची पट्टी

"परत डकवलंय बघ! ऐन जागेला!"

माझ्या एकशे बाराव्या पानावर नाक टेकवून मयूरी पुटपुटली. मयूरी म्हणजे गावात ब्लाउज शिवून देणारी, एका घरची सून. गिऱ्हाइकाची कापडं बाजूला सारून ती मला घेऊन बसली होती. तिनं मोबाईलची बॅटरी लावून पानाखाली धरली, एक डोळा मिटला आणि पट्टीआडची अक्षरं लावायला लागली. "शेवंता त्याला म्हणाली... काय म्हणाली? आगं बाई, काय म्हणालीस गं?"

मी काय सांगणार? त्याच जागी तर माझं तोंड बांधलेलं.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पलूसच्या अलीकडं, द्राक्षबागांच्या मधोमध एक गाव आहे. तिथल्या वाचनालयात मी राहते. माझं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते ज्यावर छापलं होतं ते मुखपृष्ठ कधीच गळून गेलं. आता अंगावर खाकी कागदाचं कव्हर आहे आणि त्यावर दाखल क्रमांक, दोन हजार तीनशे एक्केचाळीस. मला त्यानंच ओळखतात. कारखान्यातल्या कामगारासारखं वाटतं, पण सवय झाली.

वीसेक वर्षांपूर्वी सांगलीच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शाई, दोरा, सरस, पुठ्ठा, असं सगळं अंगाला लागून मी उभी राहिले. तिथून पुस्तक प्रदर्शनात गेले. माझ्या मुखपृष्ठावर द्राक्षाचा मांडव होता आणि त्याखाली पाठमोरी एक बाई. तात्यांनी मांडव पाहिला, बाई पाहिली नाही. द्राक्षशेतीचं पुस्तक समजून त्यांनी मला पिशवीत टाकलं.

तात्या म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयाचा पहिला लाकडी बाक त्यांनी घरून आणला होता. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत आणि तेवढ्यांनाच पट्ट्या मारल्यात. त्यांनी घेतलेलं पुस्तक उघडून तपासायची कुणाची छाती? मी शेतीच्या कपाटात गेले ती पाच वर्षं तिथंच. एका बाजूला खतांची माहिती, दुसऱ्या बाजूला ऊस. हरिबा नावाचे एक बागायतदार एकदा भुरी रोगावरचं औषध शोधायला आले आणि तासभर मला उभ्यानं वाचत राहिले. जाताना म्हणाले, "औषध न्हाई गावलं, पर बरं वाटलं."

त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली.

मग ग्रंथपाल म्हणून पद्माताई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला उघडलं, पोट धरून हसल्या आणि कादंबऱ्यांच्या कपाटात नेऊन ठेवलं. गावातल्या बायका वाचनालयात यायला लाजतात, हे बघून त्यांनी स्कूटीच्या डिकीत पुस्तकं भरून दारोदार न्यायला सुरुवात केली. माझे सुखाचे दिवस तेव्हापासूनचे. भाकरी थापता थापता मला वाचलंय, बेदाणा निवडताना वाचलंय. तेविसाव्या पानावर हळदीचं बोट आहे, एकशे नव्वदाव्या पानावर कुणाचं तरी टिपूस वाळलंय. मागच्या तारखांच्या कागदावर जागा उरली नाही म्हणून पद्माताईंनी त्यावर दुसरा डकवला, मग तिसरा. पुस्तकाला याहून मोठी शाबासकी नसते.

माझ्यात आहे तरी काय? तिशीत विधवा झालेली शेवंता आहे. ती एकटीनं बाग उभी करते आणि एका बेदाणा व्यापाऱ्यावर तिचा जीव जडतो. एवढंच. पण शेवंता मनातलं बोलते. आणि बाई मनातलं बोलली की कुणाच्या ना कुणाच्या कानाला ते टोचतंच.

दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या कानावर गेलं, की तुम्ही आणलेल्या शेतीच्या पुस्तकात शेतीपेक्षा बरंच काही आहे. ते मला गुपचूप घरी घेऊन गेले. सोप्यात चष्मा लावून बसले. आत त्यांची बायको चंद्राबाई भाजी निवडत होत्या. चंद्राबाईंची शाळा दुसरीतच सुटली. सहीपुरतं लिहिता येतं, बाकी वाचन नवऱ्याच्या तोंडून.

"अगं, हे ऐक," तात्या म्हणाले. "'नवरा गेला, पण माझी भूक गेली न्हाई.' हे काय छापायचं असतं?"

"परत वाचा बघू. नीट ऐकू आलं न्हाई."

तात्यांनी परत वाचलं. या खेपेला जरा सावकाश.

"लय वंगाळ," चंद्राबाई म्हणाल्या. भाजी तशीच हातात राहिली. "मग फुडं?"

अशी एकोणीस ठिकाणं तात्यांनी त्यांना वाचून दाखवली. काही दोनदा. गंमत बघा, माझ्यातलं जे कुणीच वाचू नये असं तात्यांना वाटतं, नेमकं तेवढंच चंद्राबाईंना ठाऊक आहे.

मग चंद्राबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. कसर लागू नये म्हणून मोरचुदाची चिमूट टाकली. तात्यांनी शाळेतून उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि एकेक ओळ झाकली. पान फाडायला त्यांचा हात धजला नाही, आणि शाईनं खोडणं त्यांना गलिच्छ वाटलं. पट्टी ठेवायची, अंगठ्यानं अलगद दाबायची, वर फुंकर घालायची. खोटं कशाला बोलू, इतक्या मायेनं मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. अंगावर मात्र एकोणीस पट्ट्या बसल्या. चौऱ्याऐंशीव्या पानावर शेवंता बैलाच्या सोललेल्या उघड्या पाठीला हळद लावते. तीही पाठ तात्यांनी झाकली. बैलाची होती हो!

आता मेख अशी, की तांबडा समास आखलेला तसला पिवळट कागद गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हताच. पहिली पट्टी दिसली आणि अख्ख्या गावानं हात ओळखला. बोललं मात्र कुणी नाही. पद्माताई गप्प, मयूरी गप्प, हरिबाही गप्प. मास्तरला कोण चूक दाखवणार? उलट माझी मागणी वाढली. कुठं वाचायचं हे पट्ट्यांनी नेमकं दाखवून दिलं होतं ना! एका पट्टीवर तर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'पुढच्या पानावर पण आहे.'

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग रुक्सारनं मला नेलं.

रुक्सार ही पीरमहंमदभाईंची लेक. त्यांचं गाद्या भरायचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, आणि दिवसभर कापूस पिंजायच्या मशीनची घरघर. पोरगी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते. घरात पुस्तक उघडलं की पानावर कापूस आणि कानात मशीन. म्हणून तात्यांनीच तिला वाचनालयाच्या अभ्यासिकेत खिडकीशेजारची खुर्ची मिळवून दिली होती. संध्याकाळी तिची गणितं तपासून द्यायचेही तेच.

परीक्षेला महिना उरला असताना डोकं शिणलं म्हणून तिनं मला वाचायला नेलं. एकशे बाराव्या पानावर आली. तिनं पट्टीचं टोक नखानं जरासं उचललं. खळ चांगली मुरलेली. पट्टी निघाली, पण शेवंताची अडीच वाक्यं सोबत घेऊनच निघाली. पानाला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी रुक्सार स्वतःहून मला घेऊन पद्माताईंसमोर उभी राहिली. "ताई, माझ्या हातनं झालं."

नेमकी त्याच आठवड्यात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती. कार्यवाह धनाजी यादी घेऊन बसलेला. त्यानं भोक पाहिलं, पट्ट्या पाहिल्या आणि नोंदवहीत शेवटचं नाव पाहिलं. पुस्तक खराब करणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा नियम दारावरच्या फळ्यावर लिहिलेला आहे. सभासदत्व गेलं की अभ्यासिकेतली खुर्ची गेली. खुर्ची गेली की पोरगी परत मशीनच्या घरघरीत.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी माझं एक गाऱ्हाणं ऐका. पुस्तक आवडलं नाही तर मिटा. दोन पुठ्ठे त्यासाठीच दिलेत. फारच राग आला तर त्यावर भांडा, सभा घ्या, उलट बाजूनं दुसरं पुस्तक लिहा. पण पुढच्या माणसाची ओळ झाकू नका. ती त्याच्या वाटणीची असते. आणि झाकलीच, तर निदान झाकली म्हणून सांगायची तरी हिंमत ठेवा.

रविवारी सकाळी दहाला समितीची सभा भरली. मी टेबलावर मधोमध, एकशे बाराव्या पानावर उघडी. तात्या अध्यक्षांच्या खुर्चीत. नियमाप्रमाणं बायका हव्यात म्हणून चंद्राबाई आणि आणखी एक काकू सदस्य आहेत. धनाजी बोट ठेवेल तिथं सही करायची, एवढंच त्यांचं काम. रुक्सार दाराजवळ उभी होती. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"तर ठराव लिहितो," धनाजी म्हणाला. "सदर पुस्तकावर पट्ट्या चिकटवून व पान फाडून नुकसान केल्याबद्दल..."

"पट्ट्या मी न्हाई लावल्या, दादा," रुक्सार म्हणाली. "एक उचलायला गेले, ती निघाली. तेवढं माझं चुकलं."

"मग कुणी लावल्या?"

रुक्सारनं तात्यांकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ती जमिनीकडं बघत राहिली. धनाजीला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तो पेनाचं टोपण घालायला आणि काढायला लागला. पद्माताई माझ्या पाठीवरची नसलेली धूळ झटकत होत्या. वरचा पंखा कुरकुरत होता आणि सगळे त्याच्याकडं असे बघत होते, जणू ठराव त्याच्यावरच मांडलाय.

"लेकरू आहे," तात्या म्हणाले. कान लाल झाले होते. "समज देऊन सोडा."

"तात्या, नियम तुमीच केलाय," धनाजी हळूच म्हणाला. "आज हिला सोडलं तर उद्या कुणाला धरायचं?"

तात्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी ओठ ओले केले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या रेघा ओढलेला माणूस तो. स्वतःच्या चुकीवर ओढायची सवयच नव्हती. मला त्यांची कीव आली, रागही आला.

धनाजीनं ठराव पुरा केला. वही सह्यांसाठी फिरली. काकूंनी सही केली. वही चंद्राबाईंपुढं आली. धनाजीनं नेहमीसारखं बोट ठेवलं. "हितं, काकी."

चंद्राबाईंनी पेन हातात घेतलं. मग ते वहीवर आडवं ठेवलं. एकदा दाराजवळच्या पोरीकडं पाहिलं, आणि मग पदर सावरत नवऱ्याकडं वळून, भरल्या सभेत, जेवायला हाक मारावी तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या,

"आवं, पोरीला काय उभं करताय? पट्ट्या तुमी लावल्यात."