दोन सारखे तुकडे

मी एक जुना पिल कटर आहे. नावाला भारदस्त, पण प्रत्यक्षात गोळ्या अर्ध्या करायची एक डबी. झाकणात पातं, तळाला गोळी अडकवायची खाच, झाकण दाबलं की खट्ट! संपला माझा संसार. कधी काळी मी निळा होतो, आता रंग पार विटलाय. बोलायला मात्र मी पहिल्यापासून फटकळ, तेव्हा मित्रांनो, सांभाळून घ्या.

माझ्यासारखे ढिगाने बनतात. मी नशीबवान, कारण मी आलो आत्याच्या औषधाच्या दुकानात. ती सगळ्या गल्लीची आत्या होती, पण तिची खरी भाची एकच. तिला घरात ताई म्हणायचे. ताईचे आईवडील दूर नोकरीला, म्हणून ती शिकायला आत्याकडेच राहायची. आणि आत्याचा मुलगा टिल्लू. नाव टिल्लू आणि उंची अशी की दारातून वाकून यावं लागे. खाली दुकान, वर घर, आणि दिवसभर जिन्यावरून या दोघांची धावपळ.

काम कसलं, तर म्हाताऱ्या माणसांचं. ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी सुरीने गोळी कापली की निम्मी गोळी जमिनीवर जाते. मग ते आत्याकडे यायचे. आत्या आधी गोळी चष्म्याखाली धरायची. मधे रेघ असेल तरच कापायची. रेघ नसली तर सरळ म्हणायची, "ही अर्धी होत नाही. डॉक्टरांकडून कमी ताकदीची लिहून आणा." कुणी कितीही गळ घातली तरी ऐकायची नाही. गोळी बनवणाऱ्याने आतलं औषध सगळीकडे सारखं मिसळलंय आणि अर्धा तुकडा तपासून पाहिलाय, म्हणून तो रेघ मारतो, असं ती समजावून सांगायची. गिऱ्हाइकांना ते कितपत कळायचं कोण जाणे. मला मात्र पाठ झालं होतं.

लोक कौतुक करायचे, खोटं कशाला बोलू? एक निवृत्त मास्तर दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन निरखायचे आणि म्हणायचे, "वा! याला म्हणतात न्याय." मी आतल्या आत फुगायचो.

घरातली पोरं तर मला न्यायाधीशच समजायची. चॉकलेट असो की खोडरबर, भांडण लागलं की मला उचलायचे. नियम ठरलेला होता, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. कापायची ताई, उचलायचा टिल्लू. खोडरबरामुळे माझं पातं बोथट झालं तेव्हा आत्याने दोघांना फैलावर घेतलं होतं. तरी सवय काही सुटली नाही. दोघं कॉलेजात गेली तरी सुटली नाही.

परीक्षा संपल्यानंतरचा रविवार होता. दुपारी दुकान बंद करून आत्या वर आडवी झाली होती. टिल्लूने खिशातून चांदीच्या कागदाची पुडी काढली. आत नखापेक्षा लहान असा कागदाचा चौकोन, त्यावर कसलंसं रंगीत चित्र. मित्राच्या मित्राकडून मिळालाय, जिभेवर ठेवायचा, रंग दिसतात, गाणं वेगळंच ऐकू येतं, असं तो हसत हसत सांगत होता.

ताई वाईट मुलगी नव्हती, मित्रांनो. उतावीळही नव्हती. तिने काळजीच घेतली, आणि तीच नडली. आख्खा नको, अर्धा अर्धा घेऊ, म्हणजे काही झालं तरी थोडकंच होईल, असं ती म्हणाली. लहानपणापासून तिने या दुकानात अर्धं म्हणजे अर्धंच पाहिलेलं. तिने मला खुंटीवरच्या आत्याच्या एप्रनच्या खिशातून काढलं, कागद खाचेत ठेवला, दोनदा सरळ केला आणि झाकण दाबलं. शपथेवर सांगतो, मी तो मधोमध कापला. केसाचाही फरक नव्हता. मग टिल्लूने नेहमीसारखा एक तुकडा आधी उचलला.

ताईला काहीच झालं नाही. ती वाट बघत बसली, जांभया देत राहिली. टिल्लू आधी हसला, मग हसायचा थांबेना. मग त्याला घाम फुटला, डोळे मोठे झाले, जबडा घट्ट आवळला गेला. ताईने हाक मारली तर तो तिला ओळखेना. अंगाला हात लावला तर अंग तापलेलं. त्याने खुर्ची ढकलली आणि तो जिन्यात कोसळला.

आवाजाने आत्या धावत आली. काय झालं, असं तिने विचारलं आणि ताईच्या तोंडून निघून गेलं की ऊन लागलं असेल, सकाळी मैदानावर होता. आत्याने विश्वास ठेवला. ओली फडकी आणली, पंखा लावला, साखर-मिठाचं पाणी कालवलं, पण त्याला गिळवेना. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मुठीत मी होतो आणि ती मूठ भिजून गेली होती. आत्या काय म्हणेल, दुकानाचं काय होईल, घरचे शिक्षण बंद करून परत नेतील, हेच सगळं तिच्या मनात चाललं असणार. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मी पडलो डबी.

मग टिल्लूचं अंग ताठ झालं आणि त्याला झटके यायला लागले.

"आत्या, ऊन नाही गं," ताई म्हणाली. "आम्ही नशेचा कागद घेतला. अर्धा मी, अर्धा त्याने."

आत्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. रागावली नाही. टिल्लूला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि फोन कानाशी धरूनच म्हणाली, "त्यातलं काही उरलंय का, ते शोध."

ताईने मूठ उघडली. माझ्या पात्याला कागदाचा तंतू चिकटलेला होता.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी चिमट्याने तो तंतू उचलून तपासायला पाठवला. टिल्लूला गार करत होते, झटके थांबवायचं औषध देत होते, हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र वेडंवाकडं वाजत होतं. बाहेर बाकावर ताई येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होती, की मी मधोमध कापला होता, दोघांना सारखाच दिला होता.

टिल्लूचा ताप उतरला तेव्हा डॉक्टरबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "कागद तू मधोमधच कापलास," त्या म्हणाल्या. "विष मधोमध नव्हतं." बनवणारा कुठल्या तरी खोलीत अंदाजाने थेंब टाकतो, वाळताना ते एका कडेला गोळा होतं, आणि ते कुणीही तपासत नाही, असं त्यांनी सांगितलं. ताईच्या तुकड्यात जवळजवळ काहीच नसणार आणि टिल्लूच्या तुकड्यात कितीतरी पट. शिवाय ज्या नावाने ते विकलं, ते रसायन त्यात नव्हतंच, भलतंच होतं. ताई ऐकत होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. मलाही फार वाईट वाटलं. माझ्या न्यायाची काय किंमत उरली?

त्यानंतर आत्याने माझ्यात औषधाची गोळी घातली नाही. बरोबरच आहे, असलं काही लागलेल्या पात्याने रोग्याची गोळी कापायची नसते. तिने मला धुऊन पुसून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवलं. आता सोबतीला रबरबँड आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या. माझ्या जागी नवा पांढरा कटर आलाय. कापतो बरा.

टिल्लू घरी आला, पण खूप दिवस तो जिना धरून धरून उतरायचा. झटके परत येऊ नयेत म्हणून त्याला रोज सकाळी अर्धी गोळी सुरू झाली. ती आत्याच कापायची. ताई कटरला हातही लावत नव्हती. आणि त्या दोघांत नीट बोलणंही उरलं नव्हतं.

एका सकाळी आत्या बाहेर गेली होती. खण उघडाच राहिला होता, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं. टिल्लूने गोळी आणि नवा कटर ताईपुढे ठेवला आणि काप म्हणाला. ताईने नकारार्थी मान हलवली आणि कटर परत त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मी ऊन म्हणाले रे. तू तिथे तडफडत होतास आणि मी ऊन म्हणाले."

टिल्लू खाली पायरीवर बसला.

"दुसरा तुकडा उचलला असता तर तू पडली असतीस," तो म्हणाला. "आणि मी काय म्हणालो असतो, कुणास ठाऊक. मीसुद्धा ऊनच म्हणालो असतो, ताई."

ताई त्याच्या शेजारी बसली आणि हुंदके देऊन रडली. रडून झाल्यावर तिने गोळी कापली. गोळी नीट मधोमध कापली गेली.

मित्रांनो, असा कागद, अशी गोळी कुणी पुढे केली तर थोडीशीच घेतो म्हणू नका. त्यातलं थोडं किती, हे देणाऱ्याला माहीत नसतं आणि बनवणाऱ्यालाही नसतं. मग ते मला किंवा तुम्हाला कुठून कळणार? आणि तुमच्या शेजारचं कुणी पडलंच, तर लगेच माणसं बोलवा आणि खरं काय ते सांगा. भीती वाटेल. ताई किती घाबरली होती, ते मी तिच्या मुठीत होतो म्हणून मला माहीत आहे. तरीही सांगा. ती बोलली म्हणून टिल्लू वाचला. आधी बोलली असती तर कदाचित त्याला इतके दिवस जिना धरून उतरावं लागलं नसतं.