टोपी काढायची जागा

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत दर रविवारी सकाळी नळ गेला की कोपनहेगन शहर सुरू व्हायचं. शहर दुसऱ्या मजल्यावर होतं. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला मोरी नि संडास. एवढ्या जागेत डेन्मार्कची राजधानी बसवायची म्हणजे खायचं काम नव्हतं, पण बुधाजी खवळ्यांनी ती बसवली होती. मिटलेली छत्री उंच धरून ते पुढे चालत आणि मागून पंधरा-वीस माणसं हळूहळू सरकत. नवीन कुणी पाहुणा आला तर त्याला आधी वाटे की मजल्यावर कुणी गेलं की काय.

खुद्द बुधाजींनाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. जवानीत ते आगबोटीवर खलाशी होते. तीस साली बॉयलर बिघडून त्यांची बोट कोपनहेगनच्या गोदीत तीन आठवडे अडकली. पहिल्याच रविवारी हे चौकात उभे, तर एक उंच, पायाने जरा अधू गोरा गृहस्थ ऊन असूनही छत्री वर धरून निघाला आणि त्याच्यामागे वीस माणसं. मिरवणूक असेल नाहीतर मयत, असा बुधाजींनी हिशेब केला. दोन्हीत आपण मागून चालायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. टोपी सारखी करून ते चालू लागले. मयत नव्हती. तो गृहस्थ लोकांना आपलं शहर दाखवत होता. इमारतीपुढे थांबायचा, काहीतरी सांगायचा, लोक मान वर करून बघायचे. बुधाजी तिन्ही रविवारी मागून फिरले. एक शब्द कळला नाही, पण डोळे शाबूत होते आणि खलाशाच्या सवयीने पावलं मोजून ठेवली होती. शब्द कळला नाही ही गोष्ट चाळीत कुणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या बायकोला, रखमाला, ती लग्नानंतरच्या आठवड्यातच माहीत झाली होती, पण ती मूग गिळून बसे.

एक नंबरची खोली म्हणजे मोठा चौक आणि मनोऱ्याची नगरपालिका. चार नंबरला गोल बुरूज. त्याला आत पायऱ्याच नाहीत, नुसता वळणावळणाचा चढ. म्हाताऱ्या माणसांना धाप लागू नये म्हणून राजाने मुद्दाम तसा बांधला, असं बुधाजी बेधडक सांगत. नऊ नंबरला व्यापाऱ्यांची पेढी. तिच्या कळसावर चार शेपट्या एकमेकींत पिळून आभाळात गेलेल्या, आणि गिऱ्हाइकाला कुणी फसवलं की ते चार नाग खाली उतरतात. मोरी म्हणजे बंदर. आणि बंदराच्या अलीकडे टोपी काढायची जागा.

तिथे तो छत्रीवाला थांबला होता, काही बोलला होता, आणि सगळ्या पुरुषांनी हॅट काढून छातीशी धरल्या होत्या. दहा-बारा पावलं ते तसेच बोडक्याने, न बोलता गेले. बुधाजींनीही टोपी काढली. आपल्याकडे उगाच कुणी टोपी काढत नाही. कुणीतरी मोठं माणूस तिथे पडलं असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पावलांच्या मापाने ती जागा पॅसेजमध्ये नेमकी संडासासमोर येत होती. लोक हसायचे, कुरकुरायचे, पण बुधाजी मापात तसूभर हलायला तयार नसत, म्हणून बिचारे टोप्या काढायचे.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबईसह महाराष्ट्र मागत माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, आणि अकरा नंबरच्या राधाबाईचा रघू घरी आला नाही. वीस वर्षांचा पोरगा, गिरणीत बदली कामगार म्हणून नुकता लागलेला. नवरा आधीच गेलेला, आता हाही गेला. कर्फ्यूत चार माणसांनी त्याला स्मशानात पोचवलं आणि राधाबाईने दार लावून घेतलं ते तेरा दिवस उघडलं नाही. रखमा दाराशी ताट ठेवायची आणि भरलेलं ताट परत आणायची.

कर्फ्यू उठल्यावरच्या पहिल्या रविवारी बुधाजी छत्री घेऊन निघाले. नऊ नंबरचे नाग झाले, दहा नंबर झाला, आणि अकरा नंबरच्या बंद दारापुढे ते उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप मोडलं. टोपी काढली आणि दाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या शहरात या ठिकाणी एक घर आहे, त्या घरातला तरणा मुलगा असाच गोळीने गेला, आणि तेव्हापासून राजा असो नाहीतर हमाल, त्याच्या आईच्या दारावरून जाताना टोपी काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मागच्या वीस माणसांनी टोप्या काढल्या. थोड्या वेळाने आतली कडी वाजली. राधाबाई दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी रखमाने नेलेलं ताट रिकामं परत आलं.

तेव्हापासून राधाबाई दर रविवारी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून दारात उभी असे. ती मंडळी येईपर्यंत चूल पेटवत नसे. बुधाजींना बरं वाटे, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी खुपत राही. नागांची थाप वेगळी होती. ती मारताना मजा यायची. ही थाप एका आईच्या जिवाला बांधलेली होती. कोपनहेगन सातासमुद्रापलीकडे आहे, तिथे कोण जातंय बघायला, एवढाच त्यांना आधार होता.

तोही गेला. पलीकडच्या इमारतीतल्या कोंडीरामची अंबिका परळच्या इस्पितळात नर्स होती. क्षयाच्या रोग्यांची शुश्रूषा शिकायला सहा महिने परदेशी पाठवायच्या नर्सेसमध्ये तिचं नाव निघालं, आणि गाव निघालं कोपनहेगन. कोंडीरामने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलीचं नाव निघालं त्या दिवशी त्याने दोन्ही इमारतींत साखर वाटली. अंबिका लहानपणी बुधाजींचं शहर जिन्यावर उभी राहून ऐकायची, कारण ती पॅसेजमध्ये शिरली की काही बायका हंडे उचलून आत घेत. एका रविवारी बुधाजींनी सगळ्यांदेखत छत्री तिच्या हातात दिली आणि पुढे चाल म्हणाले. त्या दिवशी दोन-तीन हंडे आत गेले ते गेलेच, आणि अंबिका पुढे आली ती आलीच.

निघायच्या आदल्या दिवशी ती सगळ्यांच्या पाया पडायला आली, तेव्हा राधाबाईने तिच्या हातात फडक्यात बांधलेली आमसुलांची पुरचुंडी ठेवली. त्या घरातली आई अजून असेल तर तिला दे, म्हणाली, आणि सांग की मुंबईला माझ्यासारखीच एक आहे. बुधाजी तिथेच उभे होते. त्याच क्षणी अंबिकेला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही.

मग पत्रं येऊ लागली. कोंडीराम ती पॅसेजमध्ये मोठ्याने वाचून दाखवी. बर्फाचं आलं, उकडलेल्या बटाट्यांचं आलं. तिसऱ्या पत्रात अंबिकेने लिहिलं, की काकांच्या पावलांनी चौकापासून बुरुजापर्यंत चालून बघितलं, माप अचूक आहे, आणि खरंच आत पायऱ्या नाहीत. मात्र तो चढ म्हाताऱ्यांसाठी नाही, वर दुर्बिणी आणि पुस्तकं चढवायची म्हणून आहे. लोकांनी बुधाजींची पाठ थोपटली. त्यांचं लक्ष मात्र राधाबाईकडे होतं. प्रत्येक पत्र संपलं की ती एकच विचारायची, घर मिळालं का म्हणून. कोंडीराम कागद उलटासुलटा करून बघे आणि मान हलवी. घराबद्दल अंबिका चकार शब्द लिहीत नव्हती. बुधाजींची झोप उडाली.

साठ सालच्या एप्रिलअखेर अंबिका परत आली. पहिल्या संध्याकाळी ती बुधाजींच्या खोलीत येऊन बसली, आणि पुरचुंडी, गाठही न सोडलेली, तिने पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. रखमाने चहा टाकायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

अंबिकेने सगळं सांगितलं. तिथे अजून दर रविवारी छत्रीवाला माणूस शहर दाखवतो, आता दुसरा आहे आणि इंग्रजीतूनही सांगतो. ती त्याच्यामागून गेली. पेढीपासून पावलं मोजत त्या कोपऱ्यावर पोचली, तर एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला गोदामाची लांब भिंत. घर नाही, शिळा नाही, काही नाही. छत्रीवाला काही बोलला आणि सगळ्यांनी हॅट काढल्या. कशाला काढायच्या म्हणून तिने विचारलं, तर तो हसला. रस्ता तिथे एकदम बंदराकडे उघडतो आणि समुद्रावरचा वारा असा घुसतो की हॅट पाण्यात जाते. म्हणून पूर्वीपासून सगळेच तिथे लोकांना हॅट काढायला सांगतात.

"वारा?" बुधाजींनी विचारलं.

"वारा, काका. माझा रुमाल गेलाच."

बुधाजींनी पुरचुंडी जवळ ओढून घेतली. तीस वर्षं त्यांनी वाऱ्यापुढे टोपी काढली होती, आणि चार वर्षं एका आईला नसलेल्या घराच्या आधारावर दारात उभं केलं होतं. अंबिका म्हणाली, की मी राधामावशीला काही सांगणार नाही, तुम्ही म्हणाल ते सांगेन. त्या घरातली म्हातारी वारली म्हणून सांगू का? बुधाजींनी रखमाकडे पाहिलं. रखमाने कपबशी पुढे ठेवली आणि म्हणाली, की एक मेलेलं माणूस कमी होतं वाटतं, तर आणखी एक मारताय. बास, यापुढे तिला बोलावं लागलं नाही.

रविवार नेमका एक मेचा होता. राज्य मिळालं होतं. जिन्याला आंब्याची तोरणं, दारोदार रांगोळ्या, खाली चौकात लाऊडस्पीकर. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन बायकांनी नवी लुगडी आणली होती. एवढ्या आनंदाच्या दिवशी नको, पुढच्या रविवारी सांगू, असं बुधाजींना शंभरदा वाटलं. पण राधाबाई आज नक्की विचारणार, हेही त्यांना कळत होतं. अंबिका आली म्हणून आज सगळी इमारतच मागे लोटली होती. पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

एक नंबर, चार नंबर, नऊ नंबर झाले. नागांचं त्यांनी आज काहीच सांगितलं नाही, लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. अकरा नंबरला राधाबाई दारात उभी होती. तिच्यामागे भिंतीवर रघूचा फोटो, त्याला आज ताजा हार. मागच्यांचे हात सवयीने टोपीकडे गेले, पण बुधाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. आपली टोपीही त्यांनी डोक्यावरच ठेवली.

मग त्यांनी सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, लपवाछपवी केली नाही. तिथली भाषा मला कधीच कळली नव्हती. घर मी पाहिलं नाही. तुझं दार उघडावं म्हणून मी ते बांधलं. तिथे नुसता वारा आहे. एवढं बोलून त्यांनी खिशातली पुरचुंडी काढून तिच्यापुढे धरली. खाली लाऊडस्पीकर वाजतच होता. आता ही बाई दार लावून घेणार आणि या वेळी ते माझ्याच्याने उघडणार नाही, असं त्यांना वाटलं.

राधाबाईने पुरचुंडी घेतली. गाठ बोटाने चाचपली आणि अंबिकेकडे पाहिलं.

"थय लय वारो असता काय गो?"

"हो मावशी. डोक्यावर टोपी राहत नाही."

राधाबाईने पॅसेजभर नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं होती, आणि सकाळच्या चुलींचा धूर छताखाली जसाच्या तसा साचलेला होता. तोरणाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.

"हयसर खयचो वारो, भावजी?" ती म्हणाली. "तरी चार वर्सां तुमी टोपी काढतास. मगे ती माझ्या रघूसाठीच ना?"

बुधाजींनी टोपी काढली. मागे एकेक करत सगळ्यांनी काढल्या, ज्यांच्याकडे टोपी नव्हती त्यांनी मान खाली घातली. मग राधाबाई दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, की आज मोरीपर्यंत नंतर जा, आधी सगळ्यांनी आत येऊन फोटोला फूल वाहा, तोवर मी या आमसुलांची कढी करते.