पहिला प्रश्न शेवटी

"हात मांडीवर ठेव आणि तोंडाला कुलूप लाव," सासूबाई म्हणाल्या. "तू इथं नाहीसच, असं समज."

सुनेनं निमूटपणे हात मांडीवर ठेवले. सकाळचे साडेसहा वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक होता, संगणकापुढे सासूबाई होत्या, आणि त्यांच्याहून जास्त घाम सुनेला फुटला होता.

सासूबाईंची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. जाड भिंगांचा चष्मा मात्र नाकावरून उतरला नव्हता. कुणी विचारलंच तर "सवय आहे," एवढंच म्हणायच्या. कान शाबूत होते, आणि ते साधे कान नव्हते. बत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला त्या 'पोपट' म्हणत आणि त्याला इतक्या वेगानं पळवत, की बाकीच्यांना वाटावं मुंग्यांची भांडणं चाललीत.

पोपट बडबडला. नाव. फोन. तारीख. कशासाठी येताय. सासूबाईंची बोटं टपटप चालली. मग एक ठसठशीत खट्.

"नोंद पक्की झाली," पोपट म्हणाला.

"झाली?" तिच्यानं राहवलं नाही.

"बोललीस ना शेवटी! झाली की. मला काय विचारतेस, पोपटाला विचार." सासूबाई खुर्चीत मागे रेलल्या. "आता ही रंगीत तालीम पूस. खरा नंबर अकरा वाजता, तुझ्या मोठ्या डॉक्टरांसमोर. माझा नंबर मीच घेणार. चार वर्षं तुला सांगतेय आणि तू घेतेयस. पाण्याच्या पेल्यापासून दवाखान्याच्या नंबरापर्यंत सगळं सांगूनच मिळतं मला. कंटाळा आलाय गं."

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे 'केसपेपर' म्हणत. एकोणीस वर्षं ती खिडकीत बसून केसपेपर काढत होती. दुसरं नाव कुणाला आठवणार? वेबसाइटचं वेड लागलं ते त्याच खिडकीत. दुपारी गर्दी ओसरली की ती संगणकावरचे फुकटचे धडे बघायची आणि वहीत उतरवून घ्यायची. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आधी काय आहे ते सांग. कसं दिसावं ते नंतर.' मथळ्याला मथळा म्हणायचं, बटणाला बटण, प्रत्येक रिकाम्या चौकटीला तिची पाटी बांधायची. रंग, आकार, जागा हे सगळं सीएसएसच्या वेगळ्या फाइलीत. अंग वेगळं, अंगावरचे कपडे वेगळे. एकदा तिनं त्या फाइलीत एकच ओळ बदलली आणि बारा पानांवरची सगळी बटणं एका दमात गडद निळी झाली. ती खुर्चीतून अशी उठली, की खिडकीबाहेरचे आजोबा दचकून म्हणाले, "माझा नंबर आला का?"

आज मोठे डॉक्टर दोन वेबसाइटींमधून एक निवडणार होते. एक तिची. दुसरी बाहेरच्या कंपनीनं पाठवलेला नमुना. त्यात चित्रं सरकत होती, अक्षरं तरंगत होती, आणि मजकूर होता फिक्या राखाडीवर जेमतेम गडद राखाडी. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी! सासूबाईंच्या पोपटानं तो नमुना वाचला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण."

"याला काय अर्धांगवायू झालाय का?" सासूबाईंनी विचारलं होतं.

साडेदहाला ती दवाखान्यात आली तर धाकटे डॉक्टर तिच्या खिडकीशीच उभे. मोठ्या डॉक्टरांचे हे पुतणे.

"केसपेपर, एक राहिलं. काकांना विभाग हवाय. मोतीबिंदू, पडदा, चष्म्याचा नंबर, असं. आणि तो प्रश्न सगळ्यात वर पाहिजे."

"आत्ता?"

"तुमच्यासाठी काय, हातचा मळ!"

कौतुकानं माणूस वाहवतो. तिनं नवा प्रश्न भराभर लिहिला, फाइलीच्या तळाशी चिकटवला आणि सीएसएसमधल्या एका ओळीनं त्याला उचलून पानाच्या माथ्यावर नेऊन बसवलं. काय सुरेख दिसत होतं! पोपटाकडून एकदा वाचून घ्यायला हवं, असं मनात आलं. पण तोवर रिक्षातून सासूबाई उतरत होत्या.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत संगणकावरचं सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर पडदा लावला होता. "या आजी, बसा," डॉक्टर म्हणाले.

"आजी मी माझ्या नातीची," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ऑपरेटर म्हणा. संगणक कुठाय?"

पोपट सुटला. नाव, फोन, तारीख. चौथ्या प्रश्नाला सासूबाई जरा थांबल्या, मग हळूहळू काहीतरी लिहिलं. भिंतीवर ती चौकट पडद्याच्या खाली गेल्यानं दिसत नव्हती. कुणी वाचलं नाही. खट्.

"विभाग निवडलेला नाही," पोपट म्हणाला.

सासूबाईंनी पुन्हा सुरुवातीपासून बोटं फिरवली. पुन्हा खट्. पुन्हा तेच.

"विभाग मला विचारलाच नाही," त्या म्हणाल्या.

"पहिलाच प्रश्न आहे की!" धाकटे डॉक्टर भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, आणि कुणाला दाखवतोय हे लक्षात येऊन त्यांनी बोट खिशात घातलं.

मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "त्यांच्या वतीनं कुणीतरी भरून टाका. सोबत माणूस असतोच ना शेवटी."

वेबसाइट करायला घेतल्यापासून पावणेदोन वर्षं ज्या एका वाक्याशी ती भांडत होती ते हेच वाक्य होतं, आणि ते तिच्याच चुकीनं खोलीत आलं होतं. तिचा हात पुढे झाला.

"हात मांडीवर," सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या बांगडीचा आवाज त्यांना पुरला होता. मग त्यांनी मान कलती केली, एके काळी बिघडलेली लाइन ऐकताना करत असतील तशी, आणि बोट एकएक चौकट पुढे नेत राहिल्या. बटणाच्याही पुढे.

"विभाग. निवडा," पोपट म्हणाला.

"हा बघा, इथं लपलाय! बटणाच्या मागं." सासूबाई चक्क हसल्या. "अगं, बोर्डावरची पाटी वर नेलीस आणि तार राहिली खालीच. माझ्या हाताखालच्या पोरी पहिल्या महिन्यात हेच करायच्या. दिसायला लाइन पोलिसांची, आणि उचलणार अग्निशामकवाले."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "दोन मिनिटं द्या, डॉक्टर. दोनच!"

तिनं फाइल उघडली. विभागाच्या सहा ओळी तळातून कापल्या, नावाच्या आधी, जिथं त्या असायला हव्या होत्या तिथं बसवल्या, आणि सीएसएसमधली ती उचलाठेवीची ओळ पुसून टाकली. भिंतीवरचं पान तसूभरही हललं नाही.

"काय बदललं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्यासाठी काहीच नाही," ती म्हणाली. "आई, घ्या."

विभाग. नाव. फोन. तारीख. कशासाठी. मुंग्यांचं भांडण एकदाही अडखळलं नाही. खट्.

"नोंद पक्की झाली. गुरुवार, सकाळी दहा. क्रमांक सात."

"सात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा, नुसत्या ओठांनी म्हटला.

मोठ्या डॉक्टरांनी उठून खोलीतला दिवा मालवला, डोळे मिटून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ऑपरेटर, तो कंपनीचा नमुना जरा लावता का? मला ऐकायचाय."

"चित्र," पोपट म्हणाला. "चित्र. बटण."

"पुरे," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी ती घरी कशी गेली ते तिला आठवत नाही. नवरा म्हणाला, "लॉटरी लागली का?" तर सासूबाईच म्हणाल्या, "तिला नाही, मला. सात नंबर."

गुरुवारी तिनं रिक्षा करू का विचारलं. नको म्हणाल्या, रिक्षावाल्याला फोन त्यांनीच लावला होता. दहाला पाच मिनिटं असताना काठीची टकटक खिडकीशी येऊन थांबली. मध्ये तीन माणसं होती. सासूबाई रांगेत चौथ्या उभ्या राहिल्या. ती उठली नाही, हाक मारली नाही.

"नाव?" पाळी आल्यावर तिनं विचारलं.

सासूबाईंनी नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट, अख्खं.

तिनं यादी उघडली. सातव्या ओळीत, कशासाठी येताय या चौकटीत, सासूबाईंनी लिहिलं होतं, 'चष्मा जमा करायचा आहे.'

खिडकीशेजारी जुन्या चष्म्यांची पेटी होती; गरजूंसाठी कुणीकुणी टाकून जायचं. सासूबाईंनी नाकावरचा चष्मा काढला. दोन्ही बाजूंना नाकावर खोल गुलाबी खळगे पडले होते. त्यांनी पदरानं भिंगं पुसली, आधी एक, मग दुसरं, उजेडाकडे धरून बघावं तशी जरा वर धरली, आणि हातानं पेटीची फट चाचपू लागल्या.

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

फट सापडली. आत कुठंतरी काच काचेवर वाजली.

"बसा," ती म्हणाली, "नंबर पुकारतील."

"ऐकू येतं मला," म्हणत सासूबाई बाकाकडे वळल्या.